ट्रेकचं आणि कॅम्पिंगचं सामान घरात कसं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत भटकणाऱ्यांचं सामान डोंगरावर फारसं मरत नाही. कातळावर घासतं, करवंदीच्या जाळीत अडकून फाटतं, पण फाटलेलं शिवता येतं. खरी वाट लागते ती घरी, दोन ट्रेकच्या मधल्या काळात. बुरशीनं खाल्लेलं कापड आणि भुगा होत चाललेला बुटाचा तळ यांच्यापुढे सुई-दोऱ्याचं काही चालत नाही.

खालची उत्तरं मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडच्या एक-दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. कोकणात किंवा विदर्भात राहणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

रविवारी रात्री अकराला घरी पोचतो, सोमवारी ऑफिस असतं. त्या रात्री किमान काय केलंच पाहिजे?

सॅक पूर्ण रिकामी करा. ओला टेंट आणि पोंचो बाहेर काढून दारावर, खुर्चीवर, मिळेल तिथे पसरा. नीट वाळवणं उद्यावर टाकलं तरी चालेल. बुटांचे इनसोल काढा, लेस सैल करा. खाण्याचं जे काही उरलं असेल ते त्याच रात्री स्वयंपाकघरात किंवा कचऱ्यात गेलं पाहिजे. सॅकच्या वरच्या कप्प्यात विसरलेलं केळं गुरुवारी वासावरून सापडतं.

सोमवारी सकाळी घरच्यांना हॉलमध्ये तंबू पसरलेला दिसेल. दिसू दे. जुलैच्या दमट उबेत ओला टेंट पिशवीत दोन दिवस राहिला तरी बुरशीला तेवढं पुरतं.

पाऊस पडलाच नाही. मग टेंट वाळवायची काय गरज?

हिवाळ्यात भंडारदऱ्याला किंवा पवनेच्या काठी मुक्काम केला असेल तर पाऊस नसला तरी टेंट ओला असतोच. बाहेरून दव पडतं आणि आतून झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर पाणी होऊन बसते. सकाळी निघायच्या घाईत वरचं कापड फडक्यानं पुसलं जातं, पण तळ मातीला टेकलेला असतो आणि त्याच्या खालच्या बाजूला ओल तशीच राहते. हाताला कोरडा लागणारा टेंटसुद्धा शिवणींत, झिपेच्या पट्टीत, कोपऱ्यांतल्या जाड पट्ट्यांत ओलसर असतो. बुरशी तिथूनच सुरू होते.

वाळवायची जागा म्हणजे सावली आणि वारा. गच्चीवर कडक उन्हात तासभर ठेवला तर काही बिघडत नाही, पण सकाळी टाकून संध्याकाळी उचलायचा, असं करू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही कमजोर होतात, नायलॉन अधिक लवकर. गच्ची नसेल तर बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्या उत्तम. आधी तळाची बाजू वर करून टाका, ती वाळली की उलटा. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा खिडक्या बंद करून पंखा लावा. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड हे फार चांगलं हत्यार आहे.

हेअर ड्रायर आणि इस्त्री टेंटपासून लांब ठेवा.

टेंट दोन वर्षांनी उघडला तर चिकट झालाय आणि आंबूस, ओकारीसारखा वास येतोय. धुतल्यावर जाईल का?

नाही. ही घाण नाही, टेंटचं अस्तर तुटतंय. बहुतेक टेंटच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे पाणी आत येत नाही. हवेतली वाफ हळूहळू या थराचे रासायनिक बंध तोडते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की ही क्रिया वेग घेते, आणि आपल्याकडे किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर दोन्ही एकत्रच असतात. आधी वास येतो, मग चिकटपणा, मग पांढरे पापुद्रे सुटायला लागतात. एकदा सुरू झालेली क्रिया मागे फिरत नाही.

तळ चांगला असेल आणि फक्त वरचं कव्हर गेलं असेल तर जुना थर घासून काढून नवीन लेप लावता येतो. लेपाची बाटली मिळते, काम किचकट आहे, आणि दीड-दोन हजारांच्या टेंटसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. असा टेंट हिवाळ्यात सावलीसाठी, गच्चीवर पोरांना खेळायला किंवा सामान झाकायला वापरा. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर मुक्काम करू नका.

नवीन घेताना कापडाला सिलिकॉनचा लेप आहे का ते बघा. तो या पद्धतीनं तुटत नाही. महाग असतो, पण मुंबईत राहणाऱ्यानं त्यासाठी पैसे मोजावेत असं माझं मत आहे.

काळे ठिपके पडलेत. ब्लीच लावू का?

नको. ब्लीचनं कापड कमजोर होतं आणि लेप जातो. कोमट पाण्यात साधा सौम्य साबण घालून मऊ स्पंजानं पुसा. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून ठिपक्यांवर लावून थोडा वेळ ठेवलं तर बुरशी मरते. डाग मात्र बहुधा राहतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. हे काम बाल्कनीत, तोंडाला फडकं बांधून करा आणि दम्याचा त्रास असेल तर दुसऱ्याला सांगा. टेंट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, शिवणींवरच्या पट्ट्या सुटतात.

टेंटची नीट घडी घालावी की पिशवीत कोंबावा?

यावर ट्रेकरांमध्ये सत्यनारायणाच्या पूजेइतका वेळ वाद चालू शकतो. घडीवाले म्हणतात आकार छोटा होतो. कोंबणारे म्हणतात त्याच घडीवर दरवेळी मोड आली तर लेप तिथेच चिरतो. दोघांचंही खरं आहे, पण प्रवासात. घरात टेंट त्याच्या मूळ पिशवीत ठेवूच नये. ती पिशवी सॅकमध्ये बसावी म्हणून घट्ट केलेली असते. जुन्या उशीच्या अभ्र्यात किंवा मोठ्या सुती पिशवीत सैलसर ठेवा. सुती कापडातून हवा खेळते आणि थोडीफार राहिलेली ओल निघून जाते.

काठ्या वेगळ्या ठेवा. त्यांच्या आतून गेलेली इलॅस्टिकची दोरी सतत ताणलेली राहिली तर सैल पडते, म्हणून दुमडताना टोकाकडून सुरू न करता मधल्या जोडापासून दुमडत जा. ताण दोन्हीकडे सारखा वाटला जातो. पलंगामागे जागा असेल तर जोडलेल्याच उभ्या ठेवल्या तरी उत्तम. खुंट्या धुऊन, कोरड्या करून वेगळ्या पिशवीत. मातीसकट लोखंडी खुंट्या टेंटमध्ये गुंडाळल्या तर पुढच्या वेळी कापडावर गंजाचे डाग दिसतील.

स्लीपिंग बॅग छोट्या पिशवीत आवळून ठेवली तर जागा वाचते. त्यात चूक काय?

ऊब देते ती बॅगेच्या भरणात अडकलेली हवा. भरण फुगलेलं असेल तेवढी ऊब जास्त. महिनोनमहिने आवळून ठेवलेलं भरण दबतं आणि मग पूर्ण फुगत नाही. पक्ष्यांच्या पिसांचं भरण काही प्रमाणात परत फुगतं, पण कृत्रिम फायबर एकदा बसलं की बसलं. आपल्याकडे बहुतेकांच्या बॅगा फायबरच्याच असतात, म्हणजे उलट जास्त काळजी घ्यायला हवी.

कपाटात हँगरवर उभी टांगणं सगळ्यात चांगलं. तेवढी उंची नसेल तर रजईच्या मोठ्या पिशवीत सैल ठेवा. रजई, गोधड्या जिथे ठेवता तिथेच ही पण जाऊ दे, फक्त ढिगाच्या वर. वीस किलोच्या गाद्यांखाली नको. आमच्या ओळखीत एक कुटुंब हिवाळ्यात पाहुणे आले की स्लीपिंग बॅगा उघडून पांघरायला देतं. वापरही होतो आणि हवाही लागते.

धुण्याविषयी: प्रत्येक ट्रेकनंतर धुवायची गरज नाही, उलटी करून वाऱ्यावर टाकली की पुरतं. आतून पातळ सुती चादर शिवून घेतली तर घाम आणि तेल त्या चादरीला लागतं. धुवायचीच झाली तर समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये, सौम्य साबणानं, फॅब्रिक कंडिशनर न घालता. पिसांच्या बॅगेसाठी वेगळा साबण मिळतो. ती ड्रायक्लीनिंगला देऊ नका, त्यातल्या रसायनांनी पिसांवरचं नैसर्गिक तेल जातं. ओली बॅग एका टोकाला धरून उचलू नका, पाण्याच्या वजनानं आतल्या शिवणी तुटतात. दोन्ही हातांवर घेऊन न्या आणि आडवी पसरून वाळवा. पावसाळ्यात बॅग धुवायला काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. ऑक्टोबरचा उकाडा या कामासाठीच आहे.

कॅरीमॅट आणि हवेची गादी?

फोमची कॅरीमॅट निबर जात आहे. सैल गुंडाळून उभी ठेवा, वर जड वस्तू ठेवू नका, गरम पत्र्याखाली नको. बस्स. मात्र दिवाळीनंतरच्या ट्रेकवरून आल्यावर तिच्यात अडकलेली कुसळं काढायला बसा. ती मोज्यांत, सॅकच्या पट्ट्यांत आणि स्लीपिंग बॅगेत जाऊन रुततात आणि पुढच्या मुक्कामी कुणाच्या तरी पाठीत निघतात.

आपोआप फुगणाऱ्या गादीची गोष्ट वेगळी. तिच्या आत स्पंज असतो. गुंडाळून ठेवली तर तो दबलेला राहतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवून ती पलंगाखाली किंवा कपाटामागे सपाट ठेवा. व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा कारण तोंडानं फुगवलेल्या गादीत आपल्या श्वासाची वाफ गेलेली असते, तिला बाहेर जायला वाट हवी.

हरिश्चंद्रगड, रतनगड अशा गडांवर गुहेत झोपला असाल, विशेषतः जिथे गुरंही आसरा घेतात, तर मॅट आणि बॅग घरात आणण्याआधी बाहेरच झटका. गोचिड्या आणि पिसवा फुकटात येतात.

हे सगळं ठेवायचं कुठे? माळा, दिवाण, बाल्कनी की लोखंडी कपाट?

यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही. जिथे माणूस आरामात झोपू शकेल अशा खोलीत हे सामान ठेवा. म्हणजे बेडरूमचं कपाट. घरातली सगळ्यात मोक्याची जागा, आणि घरातल्या बाकीच्यांनाही तीच हवी असते.

माळा ही आपली परंपरा. माळ्यावर टाकलं की वर्षभर विसरता येतं, आणि तोच त्याचा दोष. वरच्या मजल्यावर राहत असाल तर एप्रिल-मे महिन्यात स्लॅब तापतो आणि माळ्यावर भट्टी होते. अकोला, चंद्रपूरकडे तर बाहेरच पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उष्णतेत बुटाचा गोंद, टेंटचा लेप, शिवणीवरच्या पट्ट्या सगळं लवकर म्हातारं होतं. मधल्या मजल्यावर, न्हाणीघरावर नसलेला माळा असेल तर चालेल. न्हाणीघरावरच्या माळ्याला खालून वाफ मिळते, तो बाद.

दिवाण किंवा पलंगातली पेटी उष्णतेच्या दृष्टीनं चांगली, पण हवा खेळत नाही. पूर्ण वाळलेलं सामान असेल आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा झाकण उघडून ठेवणार असाल तर हरकत नाही. पलंग बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर ती भिंत पावसाळ्यात ओल धरते का, हात लावून बघा.

बंद केलेली बाल्कनी दिवसा तापते, रात्री गार होते आणि कडेनं पाणी येतं. तिथे फक्त भांडी आणि काठ्या. लोखंडी कपाट चालतं, मात्र आत तळाला वर्तमानपत्र घाला आणि भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा. पत्र्याची ट्रंक कोकणात नको, खाऱ्या हवेत कडा गंजतात.

बुरशीला साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता मिळाली की ती वाढते. मुंबईत जुलैमध्ये ती सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे चार महिने घरातली जवळपास प्रत्येक जागा बुरशीच्या सोयीची आहे, आणि आपण फक्त कमी वाईट जागा निवडत असतो. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. ते आठवडाभर वेगवेगळ्या कपाटांत ठेवून बघा, कुठलं कपाट कोरडं आहे याचा अंदाज बहुधा चुकलेला निघतो.

डांबरगोळ्या टाकू का?

टेंटला आणि फायबरच्या बॅगेला कसर लागत नाही. ती लोकर आणि पिसांना लागते. म्हणजे गोळ्यांची गरज फार तर लोकरी मोजे, घोंगडी आणि पिसांच्या जॅकेटला. नॅफ्थलीनचा वास कापडातून महिनोनमहिने जात नाही, बंद टेंटमध्ये रात्रभर तो हुंगत झोपणं बरं नाही, काही प्लास्टिक त्यानं मऊ पडतात, आणि लहान मुलानं गोळी गिळली तर रक्तपेशी फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. लोकरीचं सामान धुऊन, वाळवून, झिपच्या पिशवीत बंद करा. धुतलेल्या लोकरीला कसर क्वचितच लागते, तिला घामाचा आणि तेलाचा डाग हवा असतो.

कडुनिंबाचा पाला, वेखंड, कापूर घालणारेही आहेत. घाला, पण पाला पूर्ण वाळलेला असू दे. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

सिलिका जेलच्या पुड्या पुरतात का?

बुटाच्या खोक्यातून आलेल्या दोन पुड्या कपाटाला पुरत नाहीत. बंद डब्यात, म्हणजे हेडटॉर्च, पॉवर बँक, कॅमेरा यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात त्या उपयोगी पडतात. रंग बदलणारे दाणे घ्या. नारिंगी दाणे भरले की हिरवट होतात, निळे गुलाबी होतात. निळ्यांत कोबाल्टचं संयुग असतं, घरात मुलं असतील तर नारिंगीच घ्या. मंद तापलेल्या ओव्हनमध्ये दाणे वाळवून पुन्हा वापरता येतात.

पाणी जमा होणारे ओलावा-शोषक डबे कपाटासाठी जास्त परिणामकारक आहेत. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि खाली साचतं ते खारट पाणी. डबा कलंडला तर ते कापडावरून सहज वाळत नाही आणि धातू गंजवतं. म्हणून डबा नेहमी खालच्या कप्प्यात, सामान वर.

बूट फक्त सात-आठ वेळा वापरले होते, खोक्यात जपून ठेवले होते. ट्रेकला निघालो आणि तासाभरात तळ सुटला. बनावट माल होता का?

बहुधा नाही. जपून ठेवले म्हणूनच गेले, असं म्हटलं तरी चालेल. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा फोम असतो, म्हणजे टेंटच्या लेपाचाच भाऊबंद. तोही वाफेनं तुटतो, वापरा अथवा नका वापरू. उलट नियमित वापरलेल्या बुटातला फोम दाबला-सुटला जातो आणि आतली ओल बाहेर पडत राहते. खोक्यात बंद बूट चालताना अचानक भुगा होतात.

ट्रेकच्या आठवडाभर आधी तपासा. मधल्या थराला अंगठ्यानं दाबा. बारीक भेगा दिसल्या, कडा सुटताना दिसली किंवा पावडर हाताला लागली तर ते बूट राजगडाला नेऊ नका. घरासमोरच्या रस्त्यावर तासभर चालून बघा, जे व्हायचं ते तिथेच होऊ दे.

दुरुस्तीचं म्हणाल तर दोन प्रकार ओळखा. थर घट्ट आहे आणि फक्त गोंद सुटलाय, तर नाक्यावरचे कारागीर चिकटवून कडेनं शिलाई मारून देतात आणि ती वर्षानुवर्षं टिकते. थराचाच भुगा होत असेल तर गोंद कशाला धरणार? ते बूट गेले.

ठेवताना खोकं नको, उघड्या रॅकवर ठेवा. ओले आणले तर चिखल धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन-तीन तासांनी बदला. उन्हात, गीझरजवळ किंवा गॅसच्या शेगडीशेजारी वाळवू नका. आणि गावाकडचं घर किंवा तळमजला असेल तर घालण्याआधी बूट उलटा करून आपटा, विंचवाला अंधारी, कोरडी जागा आवडते.

सॅकमध्ये उंदरानं भोक पाडलं. आत तर काहीच नव्हतं!

होतं. चिक्कीचा चुरा, फरसाणाचं तेल, किंवा नुसता वास. खिसे उलटे करून झटका, कंबरपट्ट्याचे छोटे खिसे विसरू नका. पट्ट्यांत सुकलेल्या घामाचं मीठ असतं, ते ओल्या फडक्यानं पुसा. सॅक जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगा, सगळ्या झिपा उघड्या ठेवून. झिपेत माती असेल तर जुन्या टूथब्रशनं काढा. रेनकव्हर त्याच्या खिशातून काढून वेगळं वाळवा, कारण हा खिसा पावसाळ्यानंतर कुणीच उघडत नाही.

रेनकोट, पोंचो?

टांगून ठेवा. महागडं जॅकेट असेल तर कंडिशनर आणि इस्त्रीची घट्ट घडी टाळा. बाहेरून पाणी थेंब होऊन ओघळत नसेल तर धुऊन त्यावर पुन्हा पाणीरोधक फवारा मारता येतो. साध्या प्लास्टिक पोंचोला पावडर लावून घडी घाला, नाहीतर तो स्वतःलाच चिकटतो.

हेडटॉर्चमध्ये सेल ठेवले तर चालतात ना?

महिनाभरापेक्षा जास्त वापरणार नसाल तर काढा. अल्कलाइन सेल गळले की पांढरी पावडर जमते आणि आतल्या पट्ट्या गंजतात. फार गंजल्या नसतील तर कापसाच्या बोळ्यावर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग कोरडं करा. हात धुवा, ती पावडर अल्कली असते.

पॉवर बँक आणि चार्ज होणाऱ्या टॉर्चचं उलट आहे. त्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नका. अर्ध्याच्या आसपास चार्ज, थंड जागा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासणी. फुगलेली पॉवर बँक कपाटात परत ठेवू नका, घरातल्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

अर्धा वापरलेला गॅस कॅन घरात ठेवणं सुरक्षित आहे का?

बर्नर काढून, झाकण लावून, सावलीत, हवेशीर जागी ठेवला तर हो. या कॅनवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये असं छापलेलं असतं. मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी हा आकडा सहज ओलांडते, म्हणून ट्रेकहून आल्यावर कॅन डिकीत विसरू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. दिवाणाच्या पेटीत किंवा देवघराखालच्या कपाटात त्याला जागा देऊ नका. किती उरलाय हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं: भरलेल्या नवीन कॅनचं वजन त्याच्यावरच मार्करनं लिहून ठेवायची सवय लावा. गंजलेला कॅन वापरू नये.

जाता जाता: रेल्वेनं कॅन नेता येत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कसारा लोकलनं जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

भांडी आणि पाण्याच्या बाटल्यांना वास येतो.

झाकणं उघडी ठेवा. एवढंच. पाण्याच्या नळीवाल्या पिशवीत खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, धुवा, आणि आत चमचा उभा करून पूर्ण वाळवा. नळी वाळत नाही म्हणून बरेच जण पिशवी फ्रीझरमध्ये ठेवतात, तिथे बुरशी वाढत नाही. चुलीवरच्या पातेल्यांची काजळी निघत नसेल तर ती राहू दे, काळं पातेलं लवकर तापतं. फक्त त्याला वेगळी कापडी पिशवी द्या.

रोप, हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि कॅराबिनर (रोप अडकवायच्या धातूच्या कड्या) कसे ठेवायचे?

इथे थट्टा नाही, या सामानावर जीव टांगलेला असतो. रोप सैल वेटोळी करून कापडी पिशवीत, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आम्ल. आपल्या घरांत इन्व्हर्टरची बॅटरी असते, तिच्यात गंधकाम्ल असतं. न्हाणीघर धुवायचं ॲसिड असतं. त्यांच्या शेजारच्या कप्प्यात रोप किंवा हार्नेस ठेवू नका. आम्लानं नायलॉनची ताकद जाते आणि वरून काही दिसतही नाही. गाडीच्या डिकीतही नको, तिथे काय सांडलं होतं कुणाला आठवतं?

मळलेला रोप साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. खारं पाणी लागलेले कॅराबिनर गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून ठेवा. हार्नेसच्या आतल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. बहुतेक कंपन्या कापडी सामानासाठी कमाल १० वर्षांची मर्यादा देतात, न वापरता पडून असलं तरीही. मित्राच्या काकांनी दिलेला जुना रोप कपडे वाळत घालायला उत्तम.

ग्रुपचं सामाइक सामान कुणाकडे ठेवावं?

जो सगळ्यात उत्साही असतो त्याच्याकडे ते आपोआप जातं, आणि दोन वर्षांनी त्याचं लग्न होतं. मग टेंट एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे, मोठा टोप कुणाकडे हे कुणालाच माहीत नाही. सामान एकाच घरी ठेवण्याचा आग्रह सोडा, पण एक संच फोडू नका: टेंट, काठ्या आणि खुंट्या एकाच माणसाकडे. कुणाकडे काय आहे याची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करा. ज्याच्या घरी ठेवलंय त्याच्या आईला किंवा बायकोला विचारून ठेवा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातं. आणि शेवटी वापरणाऱ्यानं वाळवूनच परत द्यायचं. हा नियम मोडणाऱ्याला पुढच्या ट्रेकला टोप घासायला लावा.

दोन वर्षांसाठी परदेशी जातोय. सामान घरीच राहणार, घर बंद असेल.

बंद घरात पावसाळ्याचे चार महिने कुणी खिडकी उघडणार नसेल तर सामान नातेवाइकांकडे किंवा ट्रेकच्या मित्राकडे द्या आणि वापरायला सांगा. वापरलेला टेंट दोन वर्षांनी मळका मिळेल, बंद राहिलेला चिकट. बूट सोबत न्या किंवा देऊन टाका, ते वाट बघत नाहीत. गॅस कॅन मागे ठेवू नका. सगळ्या सेलांची विल्हेवाट लावा. प्रथमोपचाराच्या पेटीतली औषधं काढून टाका, तोवर तारखा उलटलेल्या असतील.

वर्षातून एकदाच सगळं बाहेर काढायचं असेल तर कधी?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस नक्की गेल्यावर. पावसाळी ट्रेकची ओल बाहेर निघते आणि दिवाळीची साफसफाई तशीही चाललेली असते. सगळं सावलीत पसरा, टेंट उभा करून शिवणी उजेडाकडे धरून बघा, बुटांना अंगठा लावा, रोप हातातून वीत-वीत सरकवत तपासा.

जमलं तर मे अखेरीस दुसऱ्यांदा. पावसाळ्याआधी कोरड्या हवेत सामान पूर्ण वाळवून पिशव्यांत गेलं की चार महिन्यांचं निम्मं काम झालेलं असतं. पुण्या-नाशिकला हे सहज जमतं. मुंबईत मे महिनाही घामट असतो, तिथे एसीची खोली किंवा घाटावरच्या आत्याचं घर बघा.